हसवणाऱ्यांच्या पोटातला गोळा

डिसेंबर संपत आला की दोन प्रकारचे मेसेज हमखास फिरायला लागतात. पहिला एचआरचा, उरलेल्या सुट्ट्या संपवा नाहीतर लॅप्स होतील असा. तो मला येत नाही, फ्रीलान्सरला एचआर नसतो. दुसरा मात्र दिवसातून चारदा येतो. ‘ए, सुट्टीत बघायला काहीतरी सॉलिड सांग ना.’

तर मंडळी, या वेळी बघायला काही नाही. ऐकायला आहे. वर्षभर लॅपटॉप, मोबाइल आणि प्रेझेंटेशनच्या स्लाइड्स बघून डोळ्यांचं जे काही झालंय, त्यांना आठवडाभर तरी सुट्टी द्या. कान बिचारे रिकामेच आहेत. मीटिंगमध्ये ते फारसे वापरले जात नाहीत, हे आपल्या दोघांतच राहू दे.

विषय एकच ठेवलाय, कॉमेडी आणि शो बिझनेस. पण विनोद सांगणारे पॉडकास्ट नाहीत. तिघं मित्र माइकसमोर बसून एकमेकांच्या टाळ्या घेतायत, हा प्रकार मला वीस मिनिटांच्या पुढे झेपत नाही. मला इंटरेस्ट आहे तो हसवणं ही ज्यांची नोकरी आहे त्यांच्यात. त्यांना नकार कसे मिळतात, पगार कुठून येतो, रात्री झोप का लागत नाही... थोडक्यात आपलंच सगळं, फक्त लाइट्स जास्त.

एक सूचना आधीच देते. हे एपिसोड दीडपट स्पीडने लावू नका. बिझनेसचे पॉडकास्ट पळवा, सेल्फ हेल्पवाले तर दुपटीने पळवा, काही बिघडत नाही. पण कॉमेडियनचा सगळा खेळ बोलण्याच्या मधल्या गॅपमध्ये असतो. स्पीड वाढवला की पहिल्यांदा तो गॅपच जातो. आणि कोकण रेल्वेने निघणार असाल तर घरच्या वायफायवर सगळं डाउनलोड करून घ्या. बोगद्यात शिरल्यावर पंचलाइन हुकली की जाम चिडचिड होते.

आता मुद्द्यावर. एकच ऐकणार असाल तर ‘डेड आइज’ ऐका. बाकीचा कॉलम मग सुट्टीनंतर वाचलात तरी चालेल.

कॉनर रॅटलिफ नावाचा एक अमेरिकन नट. तुम्ही त्याचं नाव ऐकलेलं नसणार, आणि पॉडकास्टचा विषयच तो आहे. २००० साली तो इंग्लंडमध्ये होता, लिव्हरपूलला नाट्यशिक्षण घेऊन काम शोधत होता. ‘बँड ऑफ ब्रदर्स’ ही एचबीओची दुसऱ्या महायुद्धावरची मालिका तिथे शूट होत होती. निर्माते टॉम हँक्स आणि स्टीव्हन स्पीलबर्ग. रॅटलिफला त्यात एक छोटासा रोल मिळाला, झिलिन्स्की नावाच्या सैनिकाचा. मोजून काही वाक्यं. पण तो एपिसोड स्वतः टॉम हँक्स दिग्दर्शित करणार होता. पोरगं हवेत! घरी कळवून झालं, मित्रांना सांगून झालं. आणि शूटिंगच्या तोंडावर एजंटकडून निरोप आला की हँक्सने तुझी ऑडिशनची टेप बघितली, त्याला वाटतंय तुझे डोळे मेल्यासारखे दिसतात, तू पुन्हा एकदा ऑडिशन दे. आता हे ऐकल्यावर त्याच माणसासमोर जाऊन डोळ्यांत जीव आणून दाखवायचा! व्हायचं तेच झालं. रोल गेला.

एवढ्या छोट्या गोष्टीने कोणी खचतं का? रॅटलिफ खचला. त्याने बरीच वर्षं अभिनय जवळजवळ सोडलाच. पुढे न्यूयॉर्कच्या इम्प्रोव्ह कॉमेडीत त्याला हळूहळू सूर सापडला, ‘द मार्व्हलस मिसेस मेझल’सारख्या मालिकेत छोटी कामंही मिळाली. आणि जानेवारी २०२० मध्ये त्याने हा पॉडकास्ट सुरू केला. मिशन एकच. टॉम हँक्सने मला का काढलं, याचा शोध घ्यायचा.

कागदावर हे रडगाणं वाटतं. पण रॅटलिफ ज्या तऱ्हेने हे चालवतो त्याला तोड नाही. तो रागावलेला नाही, कडवट नाही, स्वतःवर हसण्यात तर पटाईत आहे. तो एकेका नटाला, लेखकाला बोलावतो आणि विचारतो की तुला कधी, कसं काढलं गेलं? मग लक्षात येतं की प्रत्येकाकडे असा एक किस्सा आहे. ‘मॅड मेन’वाला जॉन हॅमही येऊन आपल्या धडपडीच्या दिवसांबद्दल बोलतो. टॉम हँक्सचा मुलगा कॉलिन हँक्ससुद्धा येतो, आणि बापाच्या या कृत्यावर त्याचं काय म्हणणं आहे ते ऐकताना आपल्यालाच अवघडायला होतं. ज्यांच्याकडे बघून आपण यांना काय कमी आहे म्हणतो, त्यांच्याही डोक्यात वीस वर्षांपूर्वीचं एक वाक्य अजून तसंच वाजत असतं.

मग मार्च २०२२. एकतिसावा एपिसोड. पाहुणा खुद्द टॉम हँक्स.

तिथे काय होतं ते सगळं सांगत नाही, पण एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यामुळे तुमची मजा कमी होणार नाही. हँक्सला यातलं काहीही आठवत नाही. काहीही. ज्या वाक्याने एका माणसाच्या आयुष्याची दहाएक वर्षं वळवली, ते बोलणाऱ्याच्या डोक्यात त्याचा मागमूस नाही. आणि तो खोटं बोलत नाहीये, हे ऐकताना कळतं. दिग्दर्शकाच्या बाजूला दिवसाला असे शंभर निर्णय असतात. त्यातला एक तुमचा असतो, एवढंच.

ऑफिसात अप्रायझलच्या वेळी बॉस सहज बोलून गेलेलं एखादं वाक्य तुमच्याही डोक्यात असेल. माझ्या इनबॉक्समध्ये तर नकाराच्या मेल्सचं वेगळं फोल्डर आहे. त्यातल्या एका संपादकाने माझ्या लेखाला ‘चवच नाही’ असं लिहिलं होतं. चार वर्षं झाली, मला अजून तो स्वल्पविराम कुठे होता तेसुद्धा आठवतं. त्याला माझं नाव आठवत असेल असं वाटत नाही. हँक्सचा एपिसोड ऐकल्यावर मी ते फोल्डर डिलीट वगैरे केलं नाही, एवढी संत मी नाही. पण ते उघडून बघणं बरंच कमी झालंय.

फक्त हा एपिसोड थेट लावू नका. निदान पहिले तीन-चार आधी ऐका. मामाच्या घरी गेल्या गेल्या श्रीखंडाच्या पातेल्यात हात घालण्यासारखं होईल ते.

याच जातीची दुसरी गोष्ट मार्क मॅरॉनकडे आहे. त्याचा ‘डब्ल्यूटीएफ’ हा या सगळ्या प्रकाराचा आजोबा म्हणायला हरकत नाही. सप्टेंबर २००९ मध्ये सुरू झाला. मॅरॉन तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेला, घटस्फोटित, ज्या रेडिओ नेटवर्कवर तो काम करायचा तिथला त्याचा शो बंद झालेला. सुरुवातीचे एपिसोड त्याने त्याच नेटवर्कच्या ऑफिसात रात्री गुपचूप घुसून रेकॉर्ड केले, कारण आत जायचं कार्ड अजून चालू होतं! काढून टाकलेल्या माणसाने केलेला ऑफिस इन्फ्रास्ट्रक्चरचा इतका सुंदर वापर मी दुसरा ऐकलेला नाही. पुढे लॉस एंजेलिसमधल्या घराच्या गॅरेजमध्ये दुकान थाटलं, आणि जून २०१५ मध्ये त्याच गॅरेजमध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा येऊन बसले. त्या दिवशी शेजाऱ्याच्या छपरावर नेमबाज तैनात होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये मॅरॉनने सोळा वर्षांनी शो थांबवला, तेव्हाचा शेवटचा पाहुणाही ओबामाच.

पण ओबामाचे एपिसोड ऐकायचे असतील तर ते तुम्ही ऐकालच. मी सांगतेय ती गोष्ट नोव्हेंबर २०१५ची आहे. १९९५ साली मॅरॉन ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’साठी लॉर्न मायकल्सला भेटायला गेला होता. लॉर्न मायकल्स म्हणजे तो शो १९७५ मध्ये सुरू करणारा माणूस, अमेरिकन कॉमेडीत कोणाला दार उघडायचं आणि कोणाला नाही हे ज्याच्या हातात, तो. टेबलावर गोळ्या-चॉकलेटची बरणी होती. मॅरॉनने त्यातली एक उचलली. लॉर्नने म्हणे शेजारच्या माणसाकडे एक कटाक्ष टाकला. काम मिळालं नाही. झालं! मॅरॉनने वीस वर्षं ठरवून टाकलं की ती गोळी म्हणजे परीक्षा होती आणि आपण नापास झालो. त्याच्याकडे येणाऱ्या, त्या शोमध्ये काम केलेल्या जवळजवळ प्रत्येक पाहुण्याला तो लॉर्नबद्दल खोदून विचारायचा. शेवटी लॉर्ननेच भेट दिली. दोन माणसं समोरासमोर बसलीत, एकाने वीस वर्षं रचलेली थिअरी आहे आणि दुसऱ्याला प्रश्नच नीट कळत नाहीये. यापेक्षा चांगली कॉमेडी लिहून येत नाही.

मॅरॉनचाच रॉबिन विल्यम्सबरोबरचा एप्रिल २०१०चा एपिसोडही यादीत आहे, पण तो ट्रिपवर, गाडीत चौघं असताना लावू नका. विल्यम्स म्हटलं की आपल्याला ‘मिसेस डाउटफायर’मधली बाई आणि ‘अलादीन’मधला जिनी आठवतो, म्हणजे एका मिनिटात वीस आवाज काढणारा माणूस. इथे तो हळू बोलतो. दारू, उपचार, हृदयाचं ऑपरेशन, दुसऱ्याचे जोक चोरल्याचे आरोप, सगळ्याबद्दल. अंधाऱ्या विचारांबद्दलही बोलतो आणि त्यावरही त्याला कॉमेडी सुचते. ऑगस्ट २०१४ मध्ये तो गेल्यावर मॅरॉनने हा एपिसोड पुन्हा लावला, तेव्हा तो ऐकण्याचा अर्थच बदलून गेला होता. २०२२ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत तो घेतला. नंतर शवविच्छेदनात त्याला लेवी बॉडी डिमेन्शिया हा मेंदूचा आजार असल्याचं निष्पन्न झालं होतं. त्यामुळे ऐकताना ‘बघा, तेव्हाच कळत होतं’ असा डिटेक्टिव्हपणा करण्यात अर्थ नाही. एक थकलेला, हुशार, प्रेमळ माणूस तासभर बोलतोय, तसंच ऐका.

चला, जरा हलकं घेऊया. ‘द ऑफिस’ची अमेरिकन आवृत्ती तुमच्यातल्या निम्म्या लोकांना तोंडपाठ असेल. त्यातली पॅम आणि अँजेला, म्हणजे जेना फिशर आणि अँजेला किन्सी, खऱ्या आयुष्यात जिगरी मैत्रिणी. ऑक्टोबर २०१९ पासून त्या ‘ऑफिस लेडीज’मध्ये मालिकेचा एकेक एपिसोड घेऊन बसतात आणि आठवणी काढतात. सगळे ऐकायची गरज नाही, दोघींच्या गप्पा कधीकधी इतक्या घरगुती होतात की आपण उगाच दुसऱ्यांच्या किटीत शिरलोय असं वाटतं. पण ‘डिनर पार्टी’ या भागावरचा एपिसोड चुकवू नका. मायकल आणि जॅनच्या घरचं ते जेवण! लेखकांच्या २००७च्या संपात तो भाग अडकला होता, म्हणून एप्रिल २००८ मध्ये दिसला. दोन माणसांचं भांडण बघताना हसू का येतं आणि हसताना मान खाली का जाते, हे त्या सेटवरच्या लोकांकडून ऐकण्यात गंमत आहे.

‘कोनन ओब्रायन नीड्स अ फ्रेंड’ यातल्या कुठल्याही एपिसोडपासून सुरुवात करा. २०१० मध्ये ‘टुनाइट शो’ची खुर्ची काही महिन्यांतच हातातून गेलेला हा माणूस. ती गेल्याचं दुःख त्याने कसं कमावलं म्हणाल तर नोव्हेंबर २०१८ मध्ये पॉडकास्ट काढून आणि पुढे २०२२ मध्ये कंपनी विकून. पाहुण्यांपेक्षा त्याची असिस्टंट सोना मूव्सेसियन भाव खाऊन जाते. बॉसच्या तोंडावर बॉसची उडवणं आणि त्याचा पगार घेणं... हे जमलं की लाइफ सेट.

‘स्मार्टलेस’बद्दल लोक विचारतील म्हणून सांगते. तिघं होस्ट, त्यातला एक पाहुणा ठरवतो आणि बाकीच्या दोघांना आयत्या वेळी कळतं. आयडिया झकास, पण पाहुण्याला प्रश्न पुरा होण्याआधी तिघांचंच सुरू होतं. भांडी घासताना ठीक.

आता जरा वादाचं. माल्कम ग्लॅडवेलच्या ‘रिव्हिजनिस्ट हिस्टरी’त २०१६ साली ‘द सटायर पॅराडॉक्स’ नावाचा एपिसोड आला. म्हणणं असं की राजकारण्यांची टर उडवणारी कॉमेडी खरं तर त्यांचं काहीच वाकडं करत नाही. उदाहरण म्हणून तो ब्रिटनमध्ये नेतो. थॅचरबाईंच्या काळात हॅरी एनफिल्ड नावाच्या विनोदवीराने ‘लोड्समनी’ हे पात्र काढलं. नोटांची थप्पी नाचवत ओरडणारा, नव्याने पैसा आलेला प्लास्टरवाला. हेतू होता त्या पैशाच्या माजाची चेष्टा करण्याचा. झालं भलतंच. ज्यांची चेष्टा होती त्यांनाच तो हिरो वाटायला लागला. लोक त्याच्यासारख्या नोटा नाचवायला लागले. शेवटी एनफिल्डने ते पात्रच मारून टाकलं. मग ग्लॅडवेल येतो स्टीव्हन कोल्बेअरवर. कोल्बेअर टीव्हीवर कडव्या उजव्या अँकरची नक्कल करायचा, आणि २००९च्या एका अभ्यासात दिसलं की उजव्या विचारांच्या प्रेक्षकांना तो मनातून आपल्याच बाजूचा वाटत होता. हसत दोघंही होते, फक्त वेगवेगळ्या गोष्टीला. सारा पेलिनची नक्कल करणारी टीना फे, आणि ऑक्टोबर २००८ मध्ये खुद्द पेलिनबाईच त्या शोवर येऊन हसून गेल्या, हेही तो मोजून दाखवतो. त्याला दात असलेली कॉमेडी सापडते ती इस्रायलमध्ये, ‘एरेत्झ नेहेदेरेत’ या शोमध्ये.

एपिसोड जबरदस्त बांधलाय, ग्लॅडवेल ते करतोच. पण मला तो अर्धाच पटतो. व्यंगाने काही होत नसेल तर मार्च २०२५ मध्ये आपल्या खारच्या हॅबिटॅट स्टुडिओतल्या खुर्च्या कशासाठी तुटल्या? कुणाल कामराचा एक व्हिडिओ आला, त्यातल्या विडंबनगीतावरून शिवसेनेचे कार्यकर्ते तिथे घुसले आणि तोडफोड झाली. त्यानंतर त्या जागेने बंद ठेवण्याची घोषणा केली. मुंबईतल्या कित्येक पोरापोरींनी आयुष्यातला पहिला ओपन माइक तिथे केला होता. पाच मिनिटं, हातात थरथरणारा माइक, समोर पाणी पिऊन बसलेले पंधरा लोक. विनोद निरुपद्रवी असता तर एवढी मेहनत कोणी घेतली नसती. अर्थात ग्लॅडवेल म्हणेल की खुर्च्या तुटल्या, पण कुणाचं मत बदललं का? याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी आणि माझी रूममेट यावर दोन रात्री भांडलोय, तिसरी तुम्ही भांडा. कुटुंबासोबत गाडीत ऐकणार असाल तर मात्र काकांच्या पक्षाचा अंदाज घेऊन लावा.

‘कॅन्सल’ होणं ही ट्विटरच्या जमान्यातली भानगड आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी करीना लाँगवर्थचा ‘यू मस्ट रिमेंबर धिस’. ही बाई २०१४ पासून जुन्या हॉलिवूडच्या गोष्टी सांगते, एकटी, कुजबुजल्यासारख्या आवाजात. २०१८ मध्ये तिने ‘हॉलिवूड बॅबिलॉन’ या गाजलेल्या गॉसिप पुस्तकातल्या एकेका किश्श्याची सत्यता तपासली. त्यातला रॉस्को ‘फॅटी’ आर्बकलचा एपिसोड घ्या. मूकपटांच्या काळातला हा प्रचंड लोकप्रिय विनोदी नट, बस्टर कीटनला सिनेमात आणणारा. सप्टेंबर १९२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या हॉटेलात त्याची पार्टी झाली, तिथे व्हर्जिनिया रॅपी ही नटी आजारी पडली आणि चार दिवसांनी गेली. पेपरांनी निकाल आधीच लावून टाकला. खटले तीन चालले. तिसऱ्यात एप्रिल १९२२ मध्ये ज्युरीने त्याला निर्दोष ठरवलंच, वर त्याच्यावर अन्याय झाला असं लेखी दिलं. आणि आठवड्याभरात त्याच्या सिनेमांवर बंदी आली! ती त्याच वर्षी उठली, पण माणूस संपला तो संपलाच. पुढे तो टोपणनावाने दिग्दर्शन करत राहिला. लाँगवर्थचं मोठेपण असं की आर्बकलला न्याय देताना ती रॅपीला विसरत नाही. शंभर वर्षं त्या मुलीच्या नावावर जो चिखल उडत राहिला, तोही ती पुसते. हे इतर कुणी फारसं करत नाही.

आपल्याकडे काय? अमित वर्माच्या ‘द सीन अँड द अनसीन’वर २०२२ मध्ये वरुण ग्रोव्हर आला होता. अमितचे एपिसोड म्हणजे एसटीच्या रातराणीसारखे, चढायचं आणि झोपून उठेपर्यंत उतरायचं नाही. त्यामुळे हप्त्याहप्त्याने ऐका. ग्रोव्हर म्हणजे ‘मोह मोह के धागे’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा गीतकार, ‘मसान’चा लेखक, स्टँडअप करणारा, आणि त्याआधी काय? सिव्हिल इंजिनिअर होऊन पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी! मग ती सोडून मुंबईत टीव्हीच्या कॉमेडी शोचं लेखन. हिंजवडीच्या बसमध्ये बसून हे ऐकणाऱ्यांना एक इशारा देऊन ठेवते, लगेच राजीनामा टाइप करू नका. नोकरी सोडण्याची गोष्ट ज्यांचं जमलं तेच सांगतात, ज्यांचं नाही जमलं त्यांना कोणी पॉडकास्टवर बोलावत नाही.

आणि माझी खरी तक्रार इथेच आहे. मराठीत सौमित्र पोटेचं ‘मित्रम्हणे’ आहे, सुलेखा तळवलकरांचं ‘दिल के करीब’ आहे. कलाकार तिथे निवांत बोलतात, मी दोन्ही ऐकते. आई तर स्वयंपाक करताना सुलेखाताईंशिवाय पोळ्या लाटत नाही. पण आपल्याकडे मुलाखत म्हटली की पाहुण्याला आधी साखर लावली जाते. संघर्ष सांगायचा तो जिंकल्यानंतरचा, गाळून, गोड करून. मराठीतलं ‘डेड आइज’ कुठाय? कच्चा माल तर ढिगाने पडलाय. शिवाजी मंदिरच्या बाहेर चहाच्या टपरीवर अर्धा तास उभे राहा, तीन सीझनचा ऐवज मिळेल. २०२२ चंच घ्या. पुरुषोत्तम करंडकाच्या परीक्षकांनी त्या वर्षी करंडक कोणालाच दिला नाही. त्या दर्जाची एकांकिकाच नाही म्हणाले. महिनोन्‌महिने कॉलेजच्या हॉलमध्ये रात्री जागवून तालमी केलेल्या त्या पोरांना तेव्हा काय वाटलं, आणि आज ती कुठे आहेत, नाटकात की बँकेत? परीक्षकांच्या बाजूने तो निर्णय कसा दिसत होता? दोन्ही बाजू एका टेबलावर, शांतपणे, साखर न लावता. कुणीतरी करा रे हे. मी पहिली सबस्क्रायबर.

जाता जाता एक छोटा, तासाभरातला एपिसोड. ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी पाहुणे यायच्या आत संपेल असा. ‘डिकोडर रिंग’चा २०१८ मधला पहिलाच भाग, ‘द लाफ बॉक्स’. टीव्हीवरच्या मालिकांमधलं ते न दिसणाऱ्या लोकांचं हसू कुठून येतं, याची गोष्ट. चार्ली डग्लस नावाच्या साउंड इंजिनिअरने १९५०च्या दशकात एक यंत्र बनवलं. दोन फुटांहून उंच, त्याला कुलपं, आणि वाजवायचं पेटीसारखं. बटणांमागे टेपवर साठवलेली शेकडो हास्यं. खिदळणं वेगळं, खोखो वेगळं, एखाद्या बाईचं उशिरा फुटलेलं हसू वेगळं. आत काय आहे ते घरच्यांशिवाय कोणाला बघायला मिळत नसे. शो शूट झाला की डग्लस पेटी घेऊन यायचा आणि अमेरिका कुठे हसणार ते ठरवायचा. ‘मॅश’च्या निर्मात्यांना हे हसू नको होतं, चॅनेलला हवं होतं. तडजोड अशी झाली की ऑपरेशन थिएटरच्या सीनमध्ये कोणी हसणार नाही.

‘फ्रेंड्स’च्या चाहत्यांनी नाराज होऊ नये, तो खऱ्या प्रेक्षकांसमोर शूट व्हायचा. बाकी जुन्या अमेरिकन मालिका लावल्यात तर कान देऊन ऐका. एकाच माणसाचं हसू दोन वेगळ्या मालिकांत सापडतं. एक पुरुष आहे, जरा नाकात हसतो, आधी एकटाच सुरू होतो आणि मग बाकीचे. मला तो आतापर्यंत तीनदा भेटलाय. तुम्हाला कितीदा भेटतो ते कळवा.